ओझ्याचा आवाज

गेल्या वैशाखात मामीला भेटायला निघालो असताना वाल्ह्याजवळच्या एका रेल्वे फाटकाशी मला थांबावे लागले. माझ्या पुढे कांद्याच्या पिशव्यांनी गच्च भरलेला टेम्पो उभा होता, दुपारचे चार वाजून गेले होते आणि डांबरावरून अजून वाफा निघाव्यात तसे ऊन थरथरत होते. नीरेच्या दिशेने विजेवरचे एक इंजिन आले. त्याच्या मागे वाघिणी असणार असे धरून मी मोजायच्या तयारीत राहिलो, कारण फाटकात अडकल्यावर मालगाडीचे डबे मोजण्याची लहानपणची सवय अजून सुटलेली नाही. पण मागे वाघिणी नव्हत्या. मागे तीन डिझेल इंजिने होती, तिन्ही बंद, आणि सर्वांत शेवटी एक ब्रेक व्हॅन. इतके मोठे इंजिन माझ्यापासून पंधरा पावलांवरून गेले आणि त्याच्या पोटातून काहीच ऐकू आले नाही, फक्त चाकांची घसट आणि कुठल्याशा सैल पत्र्याचा खडखडाट. रंग उन्हाने फिका पडून पपडी धरलेला होता. तिसऱ्या इंजिनाच्या केबिनचे दार उघडे राहिले होते आणि गाडीच्या हेलकाव्याबरोबर ते उघडत होते, आपटत होते, पुन्हा उघडत होते. अंगावर खडूने काहीतरी लिहिलेले होते, तेही अर्धे पुसलेले. मी क्रमांक वाचायचा प्रयत्न केला, पण शेवटचे दोन आकडे तेवढे हाती लागले. शेजारच्या मोटारसायकलवरच्या माणसाने माझ्याकडे पाहिले आणि न विचारताच सांगितले, ‘कंडम झाली ती. भंगारात चालली.’ मग फाटक उघडले, टेम्पोने काळा धूर सोडला आणि आम्ही सगळे आपापल्या वाटेने लागलो.

लोणंद येईपर्यंत ते आपटणारे दार माझ्या डोक्यात वाजत होते.

मामाचे शेत सालप्याहून आदर्कीकडे गाडी चढू लागते त्या पायथ्याला आहे. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शिंदवण्याचा घाट ओलांडला की गाडी जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद अशी बऱ्यापैकी निवांत येते आणि मग आदर्कीच्या घाटात तिची पुन्हा परीक्षा सुरू होते. वळणे, कातळ फोडून काढलेल्या खाचा, बोगदे, आणि त्यानंतर एकदाचे वाठार स्टेशन. आमच्या मे महिन्याच्या सुट्ट्या या चढाच्या आवाजात गेल्या. घराच्या ओसरीवर रात्री अंथरुणे टाकली की पहिल्यांदा काहीच ऐकू येत नसे. मग जमिनीला एक बारीक कंप जाणवे, आणि तो कानांच्या आधी फडताळातल्या कपबश्यांना कळे. त्या एकमेकींना लागून किणकिणू लागल्या की मामी म्हणायची, ‘आली.’ त्यानंतर बऱ्याच वेळाने तो खर्जातला आवाज यायचा, दूरच्या गावात कोणीतरी मोठे जाते फिरवीत असावे तसा, आणि अर्धा तास तो घरादारावर रेंगाळत राहायचा. गाडीचा वेग चालत्या माणसाहून थोडासाच जास्त असायचा. बोगद्यात शिरल्यावर आवाज एकदम गिळल्यासारखा व्हायचा आणि पलीकडून निघाला की आधीपेक्षा दमलेला वाटायचा. आम्ही मुले त्याच्या नादात झोपी जायचो, त्यामुळे गाडी वर पोचल्याचे मी फार क्वचित ऐकले असेल.

मामा मात्र ऐकत असे. शेताला वीज यायची ती रात्री, म्हणून उन्हाळाभर तो रात्रीची दारे धरायचा. हातात कुदळ, पायांत चिखल, बॅटरीचा प्रकाश एका सरीवरून दुसऱ्या सरीवर फिरतो आहे, आणि सोबतीला ही गाडी. त्याला घड्याळ लागत नसे असे मी म्हणणार नाही, कारण मालगाडीला वेळापत्रक नसते आणि तिच्या भरवशावर पाणी पाजले तर पीक जळून जाईल. पण त्याला दुसरेच काही कळायचे. गाडी दिसायच्या आत तो सांगायचा, भरलेली आहे की रिकामी. ‘रिकामी आहे, पळतीय,’ किंवा ‘आज लई वजन हाय, इंजिन रडतंय.’ कधी सालप्याला समोरची गाडी सोडण्यासाठी मालगाडी थांबवलेली असली की ती पुन्हा निघताना कशी निघते, याकडे तो कुदळ टेकवून कान लावायचा. आधी इंजिनाचा आवाज एक पायरी चढायचा, मग डब्यांच्या जोडण्या एकामागून एक ताणल्या जाऊन पुढून मागे एक लांबलचक कडकडाट पळत जायचा, मग आवाज आणखी एक पायरी वर, आणखी एक. तीन-साडेतीन हजार टन जागचे हलवायचे म्हणजे काय, हे शाळेतल्या कुठल्याही गणिताने मला कळले नाही, ते त्या कडकडाटाने कळले. मामाचे एक ठरलेले वाक्य होते, ‘साखर खाली उतरते, खत वर चढते.’ मिरजेच्या बाजूच्या कारखान्यांची साखर घाट उतरून पुण्याकडे जायची आणि पुण्याकडून खत, सिमेंट घाट चढून यायचे. त्यातले काय किती येते-जाते हे त्याने कुठे वाचलेले नव्हते.

मामाच्या ओळखीचे एक गृहस्थ एका डिझेल शेडमध्ये फिटर होते. ते सुट्टीत गावी आले की ओसरीवर बसून तंबाखू मळता मळता इंजिनाबद्दल घरच्या जनावराबद्दल बोलावे तसे बोलत. त्यांच्याकडून मला पहिल्यांदा समजले की डिझेल इंजिनातले डिझेल चाके फिरवीतच नाही. सोळा सिलिंडरचे ते धूड फक्त जनित्र फिरवते, जनित्र वीज तयार करते आणि ती वीज धुऱ्यांवरच्या सहा मोटारींना जाते. म्हणजे स्वतःचे वीजघर स्वतःच्या पाठीवर घेऊन चढणारे ते विजेचेच इंजिन आहे. चालकाच्या हातातल्या दांड्याला आठ खाचा असतात, त्यांना नॉच म्हणतात. गाडी नुसती उभी असताना इंजिन मिनिटाला चारशे फेरे घेते आणि आठव्या नॉचला हजारावर जाते. मामा ज्याला पायऱ्या म्हणायचा त्या या खाचा. काळ्या धुराचे कारणही त्यांनीच सांगितले. नॉच वाढवला की इंधन लगेच जास्त जाते, पण ते जाळायला लागणारी हवा कोंबणारा टर्बो बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरतो, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ सिलिंडरांत अन्न जास्त आणि श्वास कमी, म्हणून धुराचा लोट. ‘धापा टाकतं ते,’ ते म्हणाले होते. शेडमध्ये दर काही दिवसांनी इंजिनाच्या वंगणाचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतात आणि त्यात तांबे किती, लोखंड किती, शिसे किती हे पाहून आतला कोणता भाग झिजू लागला आहे ते ओळखतात, हे ऐकून मला तेव्हा फार नवल वाटले होते. माणसाचे रक्त तपासावे तसेच की. आता वाटते, रक्त तपासले जाण्याइतकी काळजी त्या गावात तेव्हा कोणा माणसाचीही घेतली जात नव्हती.

ही इंजिने मुळात परदेशी होती, हे मला पुष्कळ उशिरा समजले, कारण ती दिसायला आणि वागायला पूर्ण आपल्यासारखी झालेली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीची, म्हणजे अल्कोची, २६०० अश्वशक्तीची पहिली इंजिने १९६२ मध्ये आपल्याकडे उतरली. जनरल मोटर्सची तोडीस तोड इंजिनेही त्याच सुमारास आली होती, परंतु अल्कोने तंत्रज्ञानासकट इंजिन द्यायची तयारी दाखवली आणि पारडे तिकडे झुकले. जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून पहिले इंजिन बाहेर पडले. त्याचे कागदोपत्री नाव डब्ल्यूडीएम-२. त्यातला डब्ल्यू रुंद मार्गाचा, डी डिझेलचा आणि एम मिश्र कामाचा, कारण त्याने मेलही ओढायची आणि मालही. गंमत अशी की मूळ कंपनी १९६९ मध्ये बंद पडली. जन्मदाता गेला आणि लेकरू दुसऱ्याच्या घरी नांदत राहिले, वाढले, त्याचा वंशही वाढला. वाराणसीने १९९८ पर्यंत या एका जातीची अडीच हजारांहून अधिक इंजिने बांधली. त्यांतल्या कित्येकांना अर्धे आयुष्य झाल्यावर पतियाळाला नेऊन आतून नवे केले, ३१०० अश्वशक्तीचे केले. नव्वदीच्या मध्यापासून खास मालगाड्यांसाठी त्याच इंजिनाचे जड भावंड, १२३ टनांचे डब्ल्यूडीजी-३ए, येऊ लागले. वाल्ह्याच्या फाटकात मी पाहिलेली तिन्ही त्याच जातीची होती. जनरल मोटर्सची नवी, ४००० अश्वशक्तीची, नीटनेटकी चालणारी इंजिने १९९९ पासून आली तेव्हा जुन्या चालकांनी त्यांचे कौतुक केले, पण ती कानाला कधी सरावली नाहीत. त्यांचा गुरगुराट सलग असतो. अल्कोचा आवाज उभ्या गाडीतही असा काही अडखळत चाले की आता बंद पडते की काय असे वाटावे, आणि ते रात्रभर बंद पडत नसे.

रात्रभर म्हणजे अक्षरशः रात्रभर. मोठ्या स्थानकाच्या लूपमध्ये मालगाडी सिग्नलसाठी तासन्‌तास उभी असली तरी इंजिन बंद करण्याची हिंमत सहसा कोणी करीत नसे, कारण ते पुन्हा सुरू करायचे तर बॅटरीवर, आणि बॅटरीने ऐन वेळी हात वर केले तर सगळा मार्गच तुंबायचा. लोणंदला रात्री उशिराची पॅसेंजर पकडायला आम्ही फलाटावर बसलेलो असताना पलीकडच्या रुळावर असे इंजिन उभे असायचे. गरम तेलाचा, धुराचा आणि तापलेल्या रंगाचा एक दाट वास असायचा, तो मला आवडे असे म्हणायला आज लाज वाटते. केबिनमधला पिवळा दिवा, खिडकीत टेकवलेला एक कोपर, तारेच्या कडीला लटकवलेली पाण्याची बाटली. इंजिनाच्या पोटाशी उभे राहिले की छातीच्या फासळ्यांत तो आवाज लागायचा. जाळत होते ते मात्र डिझेल, आणि तेही काहीच न ओढता. पुढे पुढे हा अपव्यय टाळण्यासाठी काही इंजिनांवर लहानसे जोडइंजिन बसवले गेले, म्हणजे थांबल्यावर मोठ्याला झोपवता यावे.

आठवणींत रमलेल्या माणसाने ज्या गोष्टी सोयीस्करपणे गाळायच्या असतात, त्यांपैकी दोन इथे सांगतो. पहिली मामीच्या कुरडयांची. वैशाखात गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्यातून पांढऱ्याशुभ्र कुरडया घालून ती त्या गच्चीवर वाळत टाकायची, आणि वारा फिरला की चढावर धापा टाकणाऱ्या गाडीची काजळी बारीक राखेसारखी त्यांच्यावर उतरायची. मग ती गाडीला, चालकाला आणि रेल्वे खात्याला जे बोलायची ते इथे छापण्यासारखे नाही. शेवटी तिने लोहमार्गाकडची गच्ची सोडून दिली आणि मागच्या अंगणात बाजा टाकल्या, जिथे ऊन दोन तास कमी मिळे. दुसरी गोष्ट त्या फिटर गृहस्थांची. निवृत्तीनंतर ते मामाकडे आले तेव्हा त्यांच्याशी ओरडून बोलावे लागत होते. चालू इंजिनाच्या बंदिस्त खोलीत उभे राहून, कानांत काहीही न घालता, त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती. ज्या आवाजाने मला झोप लागायची त्याने त्यांचे कान नेले. तक्रार ते करीत नसत. उलट एकदा म्हणाले, ‘आता बाकी काही नीट येत नाही, पण ते अजून येतं.’ ‘ते’ म्हणजे काय, हे मला समजायला क्षणभर वेळ लागला. त्या आवाजाबद्दल हळवे होण्याचा अधिकार खरे तर त्यांचा आहे, माझा नाही, आणि तरीही हा लेख मी लिहितो आहे, ते नाहीत.

कोळशाचे इंजिन गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. रुंद मार्गावरची वाफेची नियमित वाहतूक १९९५ च्या डिसेंबरात संपली आणि त्यानंतर कितीतरी दिवस कुठे ना कुठे त्याच्यावर लिहून येत होते. वाफेच्या इंजिनाला चेहरा होता, श्वास होता, हातांनी हलणारे गुडघे होते. मुलांच्या चित्रकलेच्या वहीत आजही तेच इंजिन काढले जाते, ज्यांनी ते कधी पाहिलेले नाही त्यांच्याही. डिझेल इंजिन म्हणजे चाकांवरचा एक लांबट पेटारा. त्याने वाफेला घालवले म्हणून त्याच्यावर थोडा रागही होता. ते कधी कोणाच्या कवितेत शिरले नाही, आणि आता विजेच्या इंजिनाने त्याला घालवले तर त्याच्यासाठी डोळे पुसायला फलाटावर फारसे कोणी आले नाही. काही हौशी पोरे कॅमेरे घेऊन घाटात उभी राहिली, धुराचे लोट टिपले आणि एकमेकांना पाठवले. माझ्या मते त्यांनीच त्या इंजिनाचे खरे ऋण फेडले, कारण त्यांच्या चित्रफिती पाहणारा माणूस चित्र पाहत नाही, तो डोळे मिटून ऐकतो.

आणि हे सारे फार झपाट्याने झाले. रुंद मार्गाचे संपूर्ण विद्युतीकरण करायचे, असे सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ठरवले. मुंबई-पुण्याच्या घाटात विजेची इंजिने जवळजवळ शतकभर चालत आली होती. पुण्याला मात्र विजेचे इंजिन काढून डिझेल जोडायचे आणि मग मिरजेची वाट धरायची, हा शिरस्ता आमच्या पिढीने इतका गृहीत धरला होता की त्या वेळात खाली उतरून चहा पिणे हा प्रवासाचाच भाग होता. आता खांब आले, तारा आल्या, चहाची ती वेळ गेली. कोकण रेल्वेच्या तारा २०२२ मध्ये पुऱ्या झाल्या आणि मालाने भरलेले ट्रक पाठीवर घेऊन सह्याद्रीच्या पायथ्याने धावणारी ती अजब गाडीही डिझेलच्या हातून निघाली. डिझेल इंजिनाचे आयुष्य कागदावर ३६ वर्षांचे धरतात, पण कित्येक धडधाकट इंजिने त्याच्या निम्म्या वयातच बाजूला उभी राहिली. वाराणसीच्या कारखान्याने २०१८-१९ च्या सुमारास दोन जुन्या डब्ल्यूडीजी-३ए इंजिनांचे सांगाडे जोडून त्यांतून १०,००० अश्वशक्तीचे एक विजेचे जोडइंजिन करून दाखवले होते; हिकमत नामी होती, पण तो प्रयोग फार पुढे गेला नाही. २०२० मध्ये दहा इंजिने बांगलादेशाला गेली. २०२० मध्येच त्या कारखान्याच्या नावातला ‘डिझेल’ हा शब्द निघून त्याचे नाव बनारस रेल्वे इंजिन कारखाना झाले. वाराणसीहून निघून हजारो फलाटांवर घाम गाळणाऱ्या यंत्राचे नाव पाटीवरूनही गेले, आणि ते योग्यच होते, पाटी खरी असावी. काही डिझेले अजून राखून ठेवलेली आहेत. वादळात तारा तुटल्या, पूर आला, अपघात झाला की त्यांची आठवण होते, जुन्या घरात कंदील खुंटीला ठेवतात तशी.

हिशेबाने पाहिले तर या बदलाविरुद्ध बोलायला तोंड नाही. ज्या चढावर दोन अल्को जोडून अर्धा तास रडायची तिथे ६००० अश्वशक्तीचे एक विजेचे इंजिन तेवढाच माल घेऊन सरसर चढते. उताराची गोष्ट तर मला सगळ्यांत पटणारी वाटते. साखर घेऊन घाट उतरणारे डिझेल इंजिन ब्रेक लावण्यासाठी आपल्याच मोटारींना जनित्र बनवायचे आणि तयार झालेली वीज छतावरच्या पट्ट्यांत नुसती जाळून टाकायचे. त्या पट्ट्या थंड करणाऱ्या पंख्याचा घोंघाट म्हणजे आमच्या लेखी उतरत्या गाडीची खूण. तीच वीज आताचे इंजिन तारेत परत ढकलते. म्हणजे उतरणाऱ्या साखरेचे वजन दुसऱ्या कुठल्या तरी चढणाऱ्या खताला मदत करू शकते. मामाला हे सांगितले असते तर तो हसला असता आणि लगेच विचारले असते की मग शेताला दिवसा वीज का मिळत नाही. त्याला उत्तर देणे मला जमले नसते.

माझी चुटपुट यापैकी कशाशीच भांडत नाही. ती एवढीच आहे की त्या इंजिनांमुळे वजन ऐकू यायचे. आपण खातो ती साखर, भिंतीतले सिमेंट, शेतात फेकलेला युरिया कोणीतरी चढावरून ओढून आणतो आहे आणि ते ओढणे जड आहे, हे अंधारात अंथरुणावर पडल्या पडल्या कळायचे. किती जड, तेही कळायचे. आता माल पूर्वीपेक्षा जास्त जातो आणि वेगाने जातो, पण तो जाताना काही बोलत नाही. श्रम वीजघरात, कुठल्या तरी दूरच्या कोळशाच्या खाणीत, किंवा पवनचक्कीखाली होत असतील. घाटात होत असल्यासारखे वाटत नाहीत. कष्ट दिसेनासे, ऐकू येईनासे झाले म्हणून ते कमी झाले, असा समज करून घ्यायला मी आता मोकळा आहे, आणि बहुतेक दिवस मी तो करून घेतोही.

त्या दिवशी मामीकडे पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. मामाला जाऊन सहा वर्षे झाली. मामी वाकली आहे, पण वैशाखातल्या कुरडया तिने सोडलेल्या नाहीत, आणि या वेळी त्या लोहमार्गाकडच्या गच्चीवर, पांढऱ्या धोतरावर, ओळीने मांडलेल्या होत्या. मी काही बोललो नाही, तीही नाही. फडताळ जागच्या जागी होते. रात्री ओसरीवर अंथरूण टाकले आणि मी मुद्दाम जागा राहिलो. बारानंतर केव्हातरी कपबश्या किंचित किणकिणल्या, पण त्यांच्यामागून जो खर्ज यायला हवा होता तो आला नाही. भोंगा वाजला तेव्हाच मला कळले की गाडी अगदी जवळ आली आहे. उठून कुंपणापर्यंत गेलो. इंजिनाचा झोत शेतावरून सरकत आला, पंख्यांची एक बारीक शीळ ऐकू आली, आणि मग बंद दारांच्या वाघिणी एकामागून एक अंधारात जाऊ लागल्या. पूर्वी रुळांच्या सांध्यांवर चाके वाजायची, त्यावरून निदान डबे मोजता यायचे. आता रूळही लांबच लांब जोडलेले आहेत. बेचाळीसपर्यंत मोजले आणि चुकलो. शेवटच्या डब्याचा लाल दिवा वळणाआड गेला, बोगद्यात शिरला असावा, आणि बेडकांचा आवाज तत्काळ पूर्वीच्या जागी आला.

सकाळी मामी चुलीपुढे चीक घोटत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारले, ‘रातीची गाडी भरलेली होती का रं, का रिकामी?’

मी ती गाडी दहा हातांवरून पाहिली होती. ‘भरलेली असावी,’ मी म्हणालो. मामीने मान हलवली आणि चुलीतले लाकूड थोडे बाहेर ओढले.